जुनी डिझेल गाडी 'बायोडिझेल चालतं' म्हणून विकताना

जुनी डिझेल गाडी विकायला काढली की जाहिरातीत 'बायोडिझेलवर पण चालते' हे एक वाक्य टाकायचा मोह होतोच. मीही टाकलं होतं. पहिल्या दोन दिवसांत अकरा फोन आले आणि त्यातल्या तिघांनी विचारलं, म्हणजे तळून उरलेलं तेल गाळून डायरेक्ट टाकीत ओतलं तर चालेल ना. चौथ्याने विचारलं बी१०० वर, म्हणजे निव्वळ बायोडिझेलवर, किती किलोमीटर झालेत, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण मी कायम मिक्स करून टाकायचो आणि त्याचा हिशोब कधी ठेवलाच नव्हता. लिहिणाऱ्याच्या डोक्यात एक असतं, वाचणाऱ्याच्या डोक्यात भलतंच. त्यामुळे गाडी धुवायला घ्यायच्या आधी आपण नक्की काय विकतोय हे स्वतःशी एकदा ठरवून घ्या.

तर बायोडिझेल म्हणजे काय ते आधी. वनस्पती तेल किंवा चरबी घ्यायची, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश घालून रिअ‍ॅक्शन करायची, खाली ग्लिसरीन बसतं ते काढून टाकायचं, वरचं धुवून सुकवून जे उरतं ते बायोडिझेल. त्याचा पातळपणा डिझेलच्या जवळपास येतो. नुसतं तेल मात्र डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असतं, ते चालवायचं तर गरम करायची सोय लागते, बहुतेक वेळा वेगळी टाकी लागते, गाडी डिझेलवर सुरू करून तापल्यावर तेलावर घ्यायची आणि बंद करायच्या आधी परत डिझेलवर आणायची असा सगळा कारभार. ही दोन वेगळी इंधनं आहेत आणि ज्याची गाडी एकावर चालते त्याची दुसऱ्यावर चालेलच असं नाही. तिसरी गोष्ट म्हणजे मिश्रण. बी२० म्हणजे शंभरात वीस भाग बायोडिझेल, ४० लिटर डिझेलमध्ये १० लिटर बायोडिझेल टाकलं की झालं बी२०. बी७ म्हणजे सात टक्के, बी१०० म्हणजे निव्वळ बायोडिझेल. जाहिरातीत आकडा लिहा. 'बायोडिझेल चालतं' असं मोघम लिहिलंत की प्रत्येकजण आपापल्या सोयीचा अर्थ काढणार आणि नंतर भांडायला तुमच्याच दारात येणार.

आता गाडी कुठल्या जातीची आहे ते बघा. या कामासाठी लोक शोधत येतात त्या जुन्या, मेकॅनिकल इंजेक्शन पंपवाल्या गाड्या. मर्सिडीजची डब्ल्यू१२३, म्हणजे १९७६ पासून आलेली ती चौकोनी २४०डी आणि पाच सिलिंडरची ३००डी, यांचं नाव या लोकांच्या तोंडी सारखं असतं. तिचा इनलाइन पंप इंजिन ऑइलवर वंगण घेतो, त्यामुळे इंधन जरा इकडेतिकडे झालं तरी पंप लगेच रुसत नाही. फोक्सवॅगनची १.९ टीडीआय रोटरी पंपवाली, तिलाही मागणी असते, फक्त रोटरी पंपाचं वंगण म्हणजे इंधनच, म्हणून तिथे इंधनाची क्वालिटी जास्त महत्त्वाची. (बायोडिझेल स्वतः वंगणाला चांगलं असतं, कमी सल्फरच्या डिझेलमध्ये एक-दोन टक्के मिसळलं तरी फरक पडतो. त्रास होतो तो आतल्या पाण्याने आणि घाणीने.)

तुमची गाडी कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून इंधन देणारी) असेल तर जपून लिहा. तिथे प्रेशर दीड-दोन हजार बारच्या घरात असतं, इंजेक्टरची भोकं बारीक, घरी बनवलेलं अर्धवट इंधन तिथे महागात पडतं. आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर अजून एक भानगड आहे जी विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. फिल्टरमधली काजळी जाळायला बऱ्याच गाड्या सिलिंडरमध्येच उशिरा थोडं जास्तीचं डिझेल मारतात. त्यातलं काही भिंतीवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये जातं. साधं डिझेल असेल तर ऑइल तापलं की ते बरंचसं उडून जातं, बायोडिझेलचा उकळबिंदू वरचा असल्यामुळे ते तिथेच राहतं आणि ऑइल पातळ होत जातं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तर समजायचं काय झालंय ते. अशी गाडी विकताना कंपनीने जेवढं सांगितलंय तेवढंच लिहा, म्हणजे बहुतेक बी७, काही मॉडेल्सना बी२०. त्याच्या वर एक टक्का नको.

कंपनीने काय सांगितलंय ते हँडबुकात असतं. हँडबुक हरवलं असेल तर इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बघा. युरोपात २०१८ च्या ऑक्टोबरपासून नव्या गाड्यांना तिथे छोटं चिन्ह असतं, डिझेलसाठी चौकोन आणि त्यात बी७ किंवा बी१०. त्या चौकोनाचा फोटो जाहिरातीत टाका, हजार शब्दांचं काम करतो. जुन्या गाड्यांना असलं काही नसतं, तिथे पुढचा सगळा पुरावा तुम्हालाच उभा करायला लागतो.

पुरावा म्हणजे पहिल्यांदा रबर. बायोडिझेल, खास करून बी१००, साध्या रबराच्या आणि नायट्राइलच्या नळ्या फुगवतं, मऊ करतं, शेवटी त्या पाझरायला लागतात. व्हायटॉन (इंधनाला टिकणारं खास रबर) टाकलं की चिंता मिटते. माझ्या गाडीच्या मोठ्या नळ्या मी आधीच बदलल्या होत्या, बिलं होती, छाती पुढे काढून सांगत होतो. पहिला सिरियस गिऱ्हाईक आला, बोनेट उघडलं, बाकी काही न बघता थेट इंजेक्टरांच्या मधल्या त्या बोटभर लांबीच्या रिटर्न नळ्यांवरून बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. ओलं. ती कापडाचं वेष्टण असलेली करंगळीपेक्षा बारीक नळी, अख्ख्या गाडीतली सगळ्यात स्वस्त वस्तू, ती बदलायची राहिली होती. तो काही बोलला नाही, रुमालाने बोट पुसलं आणि मग किमतीवर बोलायला लागला. त्या नळ्या बदलायला मला नंतर अर्धा तास लागला, पण त्याच्या नजरेत गेलेली पत काही परत आली नाही, सौदा फिसकटला. तेव्हा रिटर्न नळ्या, लिफ्ट पंपाचं डायफ्रॅम, फिल्टरच्या हाऊसिंगची ओ-रिंग, टाकीच्या झाकणाचं वॉशर ही सगळी बारकी मंडळी आधी तपासा. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवा, सकाळी बघा. आणि हो, तांबं, पितळ, जस्त यांच्याशी बायोडिझेलचं जमत नाही, ते त्यातच खराब होत जातं, कुणी हौशीने पितळी जॉइंट टाकून ठेवला असेल तर काढून स्टीलचा टाका.

डिझेल फिल्टर नवा घालूनच गाडी दाखवा. याच्यामागचं कारण गिऱ्हाइकालाही समजावून सांगा कारण तो नवखा असेल तर पुढे हाच प्रश्न तुमच्याकडे येणार आहे. वर्षानुवर्षं डिझेलवर चाललेल्या टाकीत तळाला आणि पाइपात राळेसारखा थर बसलेला असतो. बायोडिझेल सॉल्व्हंटसारखं काम करतं, तो थर सोडवतं आणि सगळं आणून फिल्टरमध्ये भरतं. म्हणून पहिल्यांदा बायोडिझेलवर जाताना एकदोन फिल्टर लवकर बदलायला लागतात, गाडी चढावर दम टाकते, लोकांना वाटतं इंजिन गेलं. तुमची गाडी त्यातून आधीच गेली असेल तर हा मोठा प्लस पॉइंट आहे, तो ठळक लिहा. गेली नसेल तर तसं सांगा आणि एक जादा फिल्टर डिकीत टाकून द्या, त्याचा खर्च काहीच नाही पण माणूस खूश होतो.

वॉटर सेपरेटरखालचा स्क्रू सैल करून एका पारदर्शक बरणीत पेलाभर इंधन काढा. उजेडासमोर धरा. स्वच्छ आणि चकचकीत दिसलं पाहिजे, बरणीमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. धुरकट दिसलं तर पाणी आहे. तळाला काळपट चिकट काही आलं तर टाकीत जंतू वाढलेत, तसल्या वेळी टाकी काढून साफ करण्याला पर्याय नाही, औषधं ओतून विकायला नेऊ नका. ही बरणी मी नंतर गिऱ्हाइकासमोरच काढायला लागलो. बोलण्याची निम्मी मेहनत वाचली.

इंधन तुम्ही घरी बनवत असाल तर चौकस गिऱ्हाईक एक टेस्ट मागू शकतो, २७-३ ची. २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाकायचं, हलवायचं, दहा मिनिटं ठेवायचं. सगळं विरघळलं तर ठीक, तळाला तेलाचा थेंब बसला तर रिअ‍ॅक्शन अर्धवट राहिलीय. ही टेस्ट निव्वळ बायोडिझेलवरच करायची, डिझेल मिसळलेलं असेल तर ते तसंही खाली बसतं आणि उगाच फजिती होते. मिथेनॉल विषारी आहे आणि झटकन पेटतं, हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा, जवळ कुणी सिगारेट ओढत असेल तर त्याला लांब पाठवा. टेस्ट पास झाली म्हणजे इंधन ईएन १४२१४ किंवा एएसटीएम डी६७५१ या बायोडिझेलच्या युरोपीय, अमेरिकन स्टँडर्डांत बसतं असं होत नाही, त्या स्टँडर्डात पाणी, ग्लिसरीन, टिकाऊपणा असं बरंच काही मोजतात. म्हणून 'स्टँडर्ड इंधन' हा शब्द फक्त पंपावरच्या बिलावर लिहिलेला असेल तरच वापरा.

स्टार्टिंगबद्दल. डिझेल गाडी बघायला येणारा शहाणा माणूस आल्या आल्या बोनेटवर हात ठेवतो, गरम लागलं की त्याचा संशय सुरू. त्यामुळे तो यायच्या आधी गाडी 'जरा तापवून' ठेवू नका, थंडच ठेवा आणि त्याच्या हाताने सुरू करू द्या. त्याआधी आठवडाभर रोज सकाळी तुम्ही स्वतः थंड स्टार्ट मारून बघा, एकदोन सिलिंडर उशिरा पकडत असतील, सुरुवातीला गाडी थरथरत असेल आणि पांढरा धूर मारत असेल तर बहुतेक ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा) गेलाय, मीटरने तपासून बदला. पांढरा धूर गाडी तापल्यावरही येतोय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय तर मामला हेड गॅस्केटचा. काळा म्हणजे हवा कमी नाहीतर डिझेल जास्त, आधी एअर फिल्टर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. बायोडिझेलवर काळा धूर एरवीपेक्षा कमीच असतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला इंजिनची खरी तब्येत दाखवायची तर टाकीत साधं डिझेल भरून दाखवणं जास्त प्रामाणिक. मी तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरातल्या दाबाची) करून आकड्यांचा कागदच गाडीत ठेवला होता. सिलिंडरा-सिलिंडरात फार फरक नसणं महत्त्वाचं, एकच आकडा ढासळलेला असला की बाकीचे कितीही चांगले असू देत, विचारणारा तिथेच अडतो.

थंडीत विकत असाल तर हे वाचाच. बायोडिझेल डिझेलपेक्षा आधी गोठायला लागतं आणि किती आधी ते कशापासून बनवलंय त्यावर ठरतं. सोयाबीनचं शून्य अंशाच्या आसपास गढूळ व्हायला लागतं, मोहरीच्या जातीच्या रेपसीडचं त्याच्याही खाली टिकतं, पाम तेलाचं मात्र पंधराएक अंशालाच ढगाळतं. म्हणजे रात्री छान चालणारी गाडी पहाटे फिल्टरमध्ये मेण धरून बसते, आणि गिऱ्हाईक नेमका सकाळी येणार असतो. आठवडाभर आधीपासून हिवाळी डिझेल भरा, जुनं इंधन संपवून टाका. बायोडिझेल तसंही फार टिकत नाही, सहा महिन्यांपेक्षा जुनं टाकीत असेल तर ते काढून टाकलेलं बरं, आंबूस वासावरून जाणकाराला लगेच कळतं.

किमतीचं सरळ सांगतो, बायोडिझेल चालतं म्हणून गाडीला दामदुप्पट येत नाही. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, तेवढ्याच चाललेल्या डिझेल गाड्या किती जातात ते बघा आणि तिथूनच सुरुवात करा. बायोडिझेलचा फायदा एवढाच की ठरावीक प्रकारचा गिऱ्हाईक तुम्हाला शोधत येतो आणि तो गाडी नीट राखलेली असेल तर फार घासाघीस करत नाही. उलट ज्याला यातलं काही नको त्याला वाटतं की गाडीवर प्रयोग झालेत, तो किंमत पाडतो. तेलावर चालवायचं किट बसवलं असेल तर त्याचे पैसे वसूल होतील या आशेवर राहू नका. शक्य असेल तर किट काढून गाडी मूळ अवस्थेत आणा आणि किट वेगळं विका, दोन्ही मिळून जास्त येतात असा माझा अनुभव. डीपीएफ कापून काढलेला असेल तर मात्र लपवू नका, बऱ्याच देशांत अशी गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा आहे आणि तपासणीत नवा मालक अडकला की तो आधी तुम्हाला फोन करणार.

मायलेजबद्दलही खरं बोला. बी१०० मध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण आठ टक्के कमी असते, बी२० ला फरक एक-दोन टक्क्यांचा, चालवताना जाणवतही नाही. 'बायोडिझेलवर जास्त अ‍ॅव्हरेज देते' असं लिहिलेलं दिसलं की जाणकार माणूस पुढची जाहिरात उघडतो.

मी शेवटी जी जाहिरात लिहिली ती साधारण अशी होती: 'मेकॅनिकल पंपवाली डिझेल, इंजिन उघडलेलं नाही. गेली चार वर्षं उन्हाळ्यात बी२० ते बी५०, थंडीत साधं डिझेल. नुसतं तेल कधीच टाकलेलं नाही. इंधनाच्या सगळ्या नळ्या व्हायटॉन, रिटर्न नळ्यांसकट, बिलं आहेत. डिझेल फिल्टर गेल्या महिन्यात. कॉम्प्रेशनचा कागद आहे. दोष: डाव्या मागच्या दाराला गंज, एसी थंड करत नाही, इंधनाच्या झाकणाखाली रंग उडालाय.' फोन अकराचे चार झाले पण त्या चौघांतले तीन बघायला आले.

ते झाकणाखालचं रंगाचं मुद्दाम लिहिलं. बायोडिझेल सांडून तसंच राहिलं तर रंग खातं, आणि भरताना चार थेंब सांडतातच, माझ्या गाडीला तिथून खाली जिभेसारखा लांबट पट्टा उतरला होता. त्याच्यावर टचअप मारून झाकायचा विचार केला होता, मग उलट त्याचाच क्लोजअप काढून टाकला. बघायला आलेल्यातला एकजण तो पट्टा बघून हसला आणि म्हणाला, माझ्या आधीच्या गाडीलाही होता, म्हणजे तुम्ही खरंच टाकत होता. बाकी फोटो नेहमीचेच, चारी बाजू, आतून, ओडोमीटर, पण इंजिन बे धुवून तेल चोपडून चमकवू नका, डिझेलवाल्यांना चकचकीत इंजिन दिसलं की गळती लपवलीय असंच वाटतं.

टेस्ट ड्राइव्हला लायसन्स बघून मगच चावी द्या, सोबत बसा, चढ असलेला रस्ता निवडा. सायलेन्सरमधून तळणीसारखा वास येईल, त्यावर विनोद होतील, होऊ देत. पैसे पूर्ण खात्यात जमा झाल्याशिवाय कागद द्यायचे नाहीत, आणि नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची पावती हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही, नाहीतर त्याचे दंड तुमच्या नावावर. विक्रीच्या कागदावर 'कुठल्या इंधनावर किती टक्क्यांपर्यंत वापरली' ही एक ओळ दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या. विमा कंपनीला आणि, घरचं इंधन वापरणार असेल तर, तिथल्या कराच्या नियमांनाही काय लागतं ते नव्या मालकाने स्वतः बघायचं, हेही तोंडाने सांगून टाका. घरात उरलेला बायोडिझेलचा ड्रम किंवा मिथेनॉलचे कॅन 'घेऊन जा फुकट' म्हणून गाडीबरोबर देऊ नका. त्याने पुढे काहीही टाकलं तरी इंधन तुमचंच होतं असं होतं.

आणि एक वही द्या. तारीख, किती लिटर, किती टक्के, कधी फिल्टर बदलला, एवढंच. मी चार वर्षांचा हिशोब जुन्या बिलांवरून आठवून आठवून दोन संध्याकाळी बसून लिहिला, तुम्ही आजपासून सुरू केलीत तरी चालेल. माझ्या वहीत फिल्टरचा पार्ट नंबर लिहायचा राहिला होता. गाडी गेल्यावर तीन आठवड्यांनी रात्री साडेनऊला फोन, मागे गाड्यांचे हॉर्न वाजतायत, म्हणे घाटात पिकअप गेलाय, फिल्टर बदलतो पण नंबर काय. म्हटलं डिकीत स्टेपनीच्या खाली नवा फिल्टर ठेवलाय, तोच काढा.